पाय अडकलेला हंस

मका उगवून बोटभर झाला की आमच्याकडे कावळे चालत येतात. उडत नाहीत, चालत. सरीच्या कडेने, मान खाली घालून, सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखे. कोंब चोचीत धरायचा, एक हिसका द्यायचा, खालचा भिजून मऊ झालेला दाणा खायचा, कोंब तिथंच टाकायचा आणि पुढच्या रोपाकडे वळायचं. माणूस शेतात पोचेपर्यंत एक अख्खी ओळ आडवी झालेली असते. सिल्लोड तालुक्यात मका, कापूस आणि मिरची यांवर घरं चालतात. त्यामुळे पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस इथे पाखरांशी भांडण्यात जातात आणि कणीस दुधात आलं की हेच भांडण पुन्हा पेटतं. तेव्हा पोपटही येतात.

भांडणाची हत्यारं सगळ्यांना ठाऊक आहेत. जुना सदरा आणि डोक्याला मडकं घातलेलं बुजगावणं. गोफण. रिकामा डबा. जुन्या कॅसेटची फीत दोन काठ्यांना ताणून बांधली की वाऱ्यावर ती भुणभुणते आणि चकाकते. पण कावळ्यांसाठी सगळ्यात जालीम इलाज म्हणजे मेलेला कावळा. बहुतेक वेळा तो विजेच्या तारेला चिकटून मेलेला असतो. पायाला दोरी बांधून बांबूच्या टोकाला उलटा टांगायचा. पंख आपोआप पसरतात. मग पंचक्रोशीतले कावळे गोळा होऊन वर घिरट्या घालतात, कालवा करतात आणि त्या वावरात काही दिवस उतरत नाहीत.

असाच एक कावळा आमच्या काकांनी टांगला होता आणि आम्ही बांधावर बसलो होतो. पुतण्याने मोबाईलवर इंग्लंडमधला एक शिकारी दाखवला. गव्हाचं कापलेलं शेत. तो माणूस पोत्यातून प्लास्टिकची कबुतरं काढत होता आणि एकेक करून जमिनीत खोचत होता. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. मांडणी घोड्याच्या नालासारखी, मधे मोकळी जागा. मग तो पानांच्या आडोशाला जाऊन बंदूक घेऊन बसला. थोड्या वेळाने खरी कबुतरं आली आणि त्या मोकळ्या जागेत उतरायला लागली. काकांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग म्हणाले, "आपण पाखराला भेव दाखवतो. हे लोक त्याला भरवसा दाखवतात."

मी हसलो होतो. पुढच्या थंडीत अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात हंसांच्या चित्रापुढे उभा राहिलो तेव्हा काकांचं ते वाक्य परत आठवलं, आणि तोवर चार वेळा पाहिलेलं चित्र पहिल्यांदा दिसलं.

हंसजातक, म्हणजे बुद्धाच्या एका मागच्या जन्मीची गोष्ट, अजिंठ्यात दोनदा रंगवलेलं आहे, दुसऱ्या लेण्यात आणि सतराव्यात. सतरावं लेणं वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातलं, इसवी सनाच्या पाचव्या शतकातलं. मांडलिक राजा उपेंद्रगुप्ताने ते करवलं. गोष्ट आधी सांगतो, कारण गोष्ट ठाऊक नसेल तर भिंतीवर नुसती कमळं, पाखरं आणि दरबार दिसतो, आणि आपण तिसऱ्या मिनिटाला पुढच्या चित्राकडे सरकतो.

काशीचा राजा संयम. त्याची राणी खेमा. तिला स्वप्न पडतं की सोनेरी हंस सिंहासनावर बसून धर्म सांगत आहेत. जागी झाल्यावर ती हट्ट धरते. राजा शिकाऱ्यांना विचारतो. सोनेरी हंस चित्रकूट पर्वतावर राहतात, माणसाच्या वाटेला येत नाहीत. मग राजा एक तळं खोदवतो. पाणी, कमळं, धान्य, सगळं भरपूर. आणि एक दवंडी पिटवतो की या तळ्यावर येणाऱ्या प्रत्येक पाखराला अभय आहे. तळ्याला नाव राणीचंच, खेम. खेम म्हणजे क्षेम. सुरक्षितता.

या गोष्टीतली भुलवण कमळात नाही, धान्यातही नाही. ती दवंडीत आहे. प्लास्टिकचं कबुतर खोचणारा माणूस तरी शब्द देत नाही. राजाने शब्द दिला आणि तोच फासा केला. पाखरं काही दवंडी ऐकून येत नाहीत. आधी लहान-मोठी इतर पाखरं येतात, निर्धास्त चरतात, परत जाऊन सांगतात, आणि त्यांच्या निर्धास्तपणाकडे बघून शेवटी हंस येतात. इंग्लंडचा शिकारी प्लास्टिकचं पाखरू वापरतो. संयम राजाने जिवंत पाखरांच्या खऱ्याखुऱ्या निश्चिंतीलाच प्लास्टिकसारखं वापरलं. अशा राजाला गोष्टीत शिक्षा झालेली नाही, हे मला खटकतं. बौद्ध कथाकार राजांशी जरा जास्तच सबुरीने वागतात.

हंसांचा राजा धृतराष्ट्र नव्वद हजारांचा थवा घेऊन उतरतो आणि उतरताक्षणी त्याचा पाय पारध्याने लावून ठेवलेल्या फाशात अडकतो.

पाली जातकातला पुढचा तपशील या सगळ्या लेखाचं कारण आहे. धृतराष्ट्र पाय हिसडतो. पहिल्या हिसड्याला कातडी फाटते, दुसऱ्याला मांस, तिसऱ्याला शीर, आणि दोर हाडाला जाऊन लागतो. रक्त येतं. आता त्याने ओरडायला हवं. पकडल्या गेलेल्या पाखराची एक वेगळी आरोळी असते, ती ऐकली की थवा उठतो. पण तो ओरडत नाही. त्याच्या मनात येतं की थवा लांबून आला आहे, उपाशी आहे. आत्ता ओरडलो तर हे घाबरून न खाताच उडतील आणि वाटेत दमून समुद्रात पडतील. म्हणून तो तळ्यात शांत बसून राहतो. थवा पोटभर खाईपर्यंत.

इथे माझ्यातला मक्यावाला जागा झाला. तळ्यात स्थिर बसलेला, मान न उंचावणारा, पंख मिटलेला हंस. हे चित्र आसपासच्या हंसांना काय सांगतं? इथे धोका नाही, खा. शिकाऱ्याला तळ्यावर ठेवायला जो नकली हंस लागला असता, नेमका तोच धृतराष्ट्राने स्वतःच्या अंगाने उभा केला. बिनदोराचे सगळे त्याच्याकडे बघून निर्धास्त चरतायत, आणि तो हाडाला दोर लागलेला. भुलवणीचं सगळं तंत्र त्याने वापरलं, फक्त उलट्या बाजूने. शिकारी शांतपणा मांडतो तो पाखरं पकडायला. याने शांतपणा मांडला तो पाखरं जगवायला. एकच देहबोली दोन्ही कामं करते, आणि बघणाऱ्याला फरक कळायला काही मार्ग नाही.

पंखांचा हा हिशेब माझा कल्पनाविलास नाही. इंग्लंडमध्ये रानकबुतरं मोहरीवर्गातल्या पिकाचं फार नुकसान करतात, म्हणून तिथल्या शेतीसंशोधकांनी नकली कबुतरांवर बारकाईने काम केलं आहे. इंग्लिस आणि आयझॅकसन या दोघांनी १९८० च्या दशकात वेगवेगळ्या ठेवणीतली कबुतरं शेतात मांडून पाहिली. पंख मिटलेलं कबुतर खऱ्या कबुतरांना बोलावतं. पंख उघडून, त्यावरचा पांढरा पट्टा दिसेल असं ठेवलं की तेच कबुतर त्यांना हुसकावतं. कारण घाबरून उडतानाच तो पट्टा लखकन दिसतो. काकांच्या बांबूवरचा कावळा पंख पसरून उलटा होता म्हणून वावर राखत होता. तोच कावळा मान काठीने टेकवून, पंख मिटून मातीत बसवला असता तर त्याने आणखी दहा बोलावून घेतले असते. मधे फरक काय, तर दोन पंखांची स्थिती.

आता भिंतीकडे या. वरच्या अंगाला तळं, कमळांनी गच्च भरलेलं. कमळं अजिंठ्यात सगळीकडे आहेत, छतांवर तर इतकी की कंटाळा यावा, पण या तळ्यातली कमळं नक्षीची नाहीत, ती पाण्यात आहेत. तळ्याशी पारधी. आणि भेदरून उडालेले हंस, माना ताणलेल्या, पंख उघडे. खालच्या बाजूला दरबार. तिथे हंस आसनांवर बसलेत, पंख मिटलेले, आणि माणसं त्यांच्याकडे तोंड करून ऐकताहेत.

चितारी दोन प्रसंग एका चौकटीत घेतो ही अजिंठ्याची नेहमीची पद्धत. पण या चित्रात दोन प्रसंगांमधला सगळा अर्थ पंखांवर तोललेला आहे. वर भीती, पंख उघडे. खाली विश्वास, पंख मिटलेले. आणि दोहोंच्या मधला, फाशातला हंस वरच्या प्रसंगात असूनही खालच्या पंखांचा आहे. ज्याला उडायची सगळ्यात जास्त गरज तोच मिटलेला. कुंचल्याने केलेलं हे विधान आहे, आणि ते शब्दांत आणलं की थोडं बाळबोध वाटतं, याची मला कल्पना आहे.

रंगांबद्दल एक सावधगिरी. निजामाच्या राजवटीत, १९२० नंतर, इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी चित्रं वाचवण्यासाठी त्यांवर लाखेचा लेप दिला. लेपाने रंगांचे पोपडे धरले हे खरं, पण पुढे तो पिवळा पडला. त्यामुळे सोनेरी हंसाचा पिवळेपणा चिताऱ्याचा किती आणि लाखेचा किती, हे उभ्या उभ्या सांगता येत नाही. रंगावर भाळून लिहिणारे लेख वाचताना हे लक्षात ठेवावं. रेषेवर मात्र लाखेची सत्ता चालत नाही.

जाणकार इथे एक शंका काढतील आणि ती रास्त आहे. आर्यशूराच्या संस्कृत 'जातकमाले'तही हीच गोष्ट आहे, आणि 'जातकमाले'तले श्लोक अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगाने लिहिलेले सापडले आहेत. म्हणजे तो ग्रंथ इथे माहीत होता. त्या ग्रंथातला हंस मात्र वाट बघत नाही. अडकला की दुसरा कुणी अडकू नये म्हणून लगेच साद घालतो आणि थवा उठतो. मग चिताऱ्याच्या मनात कोणता हंस होता, ओरडणारा की गप्प बसणारा? चित्र थवा उठल्यानंतरचं आहे, ते दोन्ही पाठांना चालतं. निवाडा भिंत देत नाही. मी पालीच्या बाजूने आहे. आर्यशूराचा हंस शहाणा आहे, जबाबदार आहे, पण कुठलाही चांगला राखणदार हेच करील. पालीतल्या हंसाला भुकेचा हिशेब येतो. उपाशी पोटी किती लांब उडता येतं हे त्याला माहीत आहे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला हा हंस जवळचा वाटणारच.

भुलवणीची विद्या परदेशातूनच आली असं कुणी समजू नये. आपल्याकडे फासेपारध्यांनी पिंजऱ्यात पाळलेला तितर रानात नेऊन ठेवायचा, तो बोलला की रानातला नर भांडायला धावून यायचा आणि भोवती लावलेल्या केसांच्या फाशांत अडकायचा, हे जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तितराला प्रेम दाखवून नाही, शत्रू दाखवून बोलवायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली. त्या कायद्यात कावळा मात्र उंदीर-घुशींच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत, पन्नास वर्षं बसला होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. आमच्या गावातल्या कावळ्यांना यातलं काही कळलेलं नाही, त्यांच्या चालण्यात तरी फरक नाही.

आणि जगात ही विद्या किती जुनी? अमेरिकेत नेवाडातल्या लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली लव्हाळ्यांची वळून केलेली अकरा बदकं सापडली. काहींवर रंग, काहींवर खरी पिसं खोवलेली. पाण्यावर सोडून खरी बदकं बोलवायची. त्यांचं वय सुमारे दोन हजार वर्षं. म्हणजे आमच्या दहाव्या लेण्यात चितारी भिंतीवर हत्ती काढत होते त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला कुणीतरी गुहेत बसून नकली बदकाला पिसं लावत होता. दोघांचीही कामं गुहेने सांभाळली. शिकाऱ्याच्या हातालाही रेष कळते, हे त्या बदकांकडे बघून मान्य करावं लागतं. बदकाची मान कुठे वळते हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलं नाही, त्याच्या लव्हाळ्यातून बदक निघणार नाही.

दहाव्या लेण्यातल्या हत्तींची गोष्ट षड्दंत जातकाची, आणि तीही भुलवणीचीच आहे. सहा दातांच्या हत्तीला मारायला राणीने पाठवलेला शिकारी सोनुत्तर सात वर्षं, सात महिने, सात दिवस चालून हिमालयात पोचतो. खड्डा खणतो, वरून फळ्या टाकतो, आत लपतो, आणि अंगावर काषाय वस्त्र घालतो. विषारी बाण लागल्यावर हत्ती त्याला सोंडेने ओढून काढतो, चिरडणार इतक्यात त्याला भगवी छाटी दिसते. हात, म्हणजे सोंड, थांबते. या वस्त्राचा मान राखायचा. शेवटी हत्ती आपले दातही देतो. दहाव्या लेण्यात ते दात बघून राणीला भोवळ येते, तो भाग अजून ओळखू येतो. बाकी भिंत नावं कोरणाऱ्यांनी खाल्ली. प्रेमी युगुलांची नावं, गावांची नावं, तारखा. लव्हाळ्याच्या बदकावर कुणी नाव कोरलं नाही.

छाटीचं सोंग पाखरांपुढे किती टिकतं याचाही एक पडताळा आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली आवारातले कावळे जाळ्यात पकडून, खुणेची कडी घालून सोडले. पकडणाऱ्यांनी आदिमानवाचा मुखवटा घातला होता. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुखवटा घालून कुणीही आवारात आलं की कावळे अंगावर येत, ओरडत; पकडलं तेव्हा जन्मलेही नव्हते असे कावळेसुद्धा. दुसरा, निरुपद्रवी मुखवटा घालून गेलं तर मात्र गप्प. सोनुत्तर हत्तीकडे गेला म्हणून वाचला. कावळ्याकडे छाटी घालून गेला असता तर पुढच्या दहा वर्षांत त्या रानात एकाही खऱ्या भिक्षूला भिक्षा मिळाली नसती.

कावळ्याच्या हुशारीची आपल्याकडची साक्ष जवळची आहे. 'हितोपदेशा'तली चित्रग्रीव कबुतराची गोष्ट गोदावरीच्या काठच्या सावरीच्या झाडापासून सुरू होते. गोदावरी म्हणजे आमच्या जिल्ह्यात पैठण. पैठणच्या जायकवाडी जलाशयावर आजही हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात, हे बोलता बोलता सांगून ठेवतो. तर त्या झाडावरचा लघुपतनक कावळा पहाटे एका पारध्याला तांदूळ टाकताना आणि जाळं पसरताना बघतो. कबुतरांचा राजा चित्रग्रीवही ओळखतो: ओसाड रानात तांदूळ कुठून येणार? पण थव्यातल्या एका शहाण्याने त्याला भित्रा ठरवलं आणि थवा उतरला. मग चित्रग्रीव त्यांच्याबरोबर उतरतो. हे मला फार मोठं वाटतं. जाळं माहीत असून उतरलेला राजा. पुढे सगळे मिळून जाळ्यासकट उडतात, हिरण्यक उंदराकडे जातात, आणि उंदीर मैत्रीखातर आधी चित्रग्रीवाचे पाश कुरतडायला लागतो तेव्हा तो म्हणतो, आधी यांचे. धृतराष्ट्र आधी यांना खाऊ दे म्हणतो, चित्रग्रीव आधी यांना सोडव म्हणतो. पाखरांच्या राजांची आपल्या गोष्टींमध्ये एक परंपराच दिसते. माणसांच्या राजांची तशी सांगता येत नाही.

कबुतर अजिंठ्यातही आहे, पहिल्या लेण्यात. शिबी राजाच्या मांडीवर ससाण्याला भिऊन आलेलं कबुतर, त्याच्या बदल्यात राजाने तागडीत घातलेलं स्वतःचं मांस. ही गोष्ट शाळेपासून आपल्याला पाठ आहे. तागडी चित्रात आहे. या चित्राबद्दल लोक करुणेच्या अंगाने बोलतात, आणि ते चुकीचं नाही. पण गोष्टीतली एक अडचण कुणी बोलत नाही. ते कबुतर कबुतर नाही. राजाची परीक्षा बघायला देवांनी घेतलेलं ते सोंग आहे. महाभारतात कबुतर म्हणजे अग्नी आणि ससाणा म्हणजे इंद्र. बौद्ध कथेत कबुतर विश्वकर्मा. म्हणजे शिबीपुढे देवांनी नकली कबुतर सोडलं, आणि ते पाहून जे यायला हवं होतं ते आलं. इंग्लंडच्या शेतात नकली कबुतर बघून कबुतर येतं. शिबीच्या दरबारात नकली कबुतर बघून राजाची करुणा बाहेर आली. आडोशाला देव बसले होते.

मला ही गोष्ट हंसजातकाहून लहान वाटते. परीक्षा घेणारी गोष्ट आतून कोरडी असते. शेवटी सगळं परत मिळणार हे तिला आधीच माहीत असतं. हंसजातकात कुणीही सोंग घेतलेलं नाही. दोर खरा आहे, रक्त खरं आहे.

आणि पारधी खरा आहे. थवा उडून जातो, पण सुमुख नावाचा सेनापती हंस मागे राहतो. त्याला बांधलेलं नाही. पारधी तळ्याच्या काठाला येतो आणि त्याला दोन हंस दिसतात: एक अडकलेला, एक मोकळा, दोघेही शेजारी बसलेले. पारध्याने आयुष्यभर थवेच्या थवे उडताना पाहिलेत. पाखरू मोकळं असून बसून राहतं, हे त्याने कधी पाहिलं नाही. इथे सापळा उलटतो. आतापर्यंत पारधी शांत पाखरू मांडून दुसऱ्यांना बोलवत होता. आता शांत बसलेलं पाखरू त्याला बोलवतं. तो जवळ जातो, विचारतो, ऐकतो, आणि दोर सोडतो. पाय धुतो. मग हंसच त्याला म्हणतात, आम्हाला राजाकडे ने, तुझं बक्षीस बुडू नये. आणि ते त्याच्याबरोबर काशीला जातात.

बुद्धाने ही गोष्ट आपला शिष्य आनंद याच्याबद्दल सांगितली असं जातकात येतं. देवदत्ताने नालागिरी हा पिसाळलेला हत्ती अंगावर सोडला तेव्हा आनंद बुद्धाच्या पुढे उभा राहिला होता. तोच मागच्या जन्मीचा सुमुख. नालागिरीचा प्रसंगही सतराव्या लेण्यातच रंगवला आहे. सगळ्या लेण्यात अशी अंतरं आहेत. एका टोकाला गोष्ट, दुसऱ्या टोकाला तिची मागच्या जन्मीची गोष्ट, आणि मधे आपण, मोबाईल सायलेंटवर.

चित्रातल्या पारध्याला खलनायक केलेलं नाही, हे मला चिताऱ्याचं सगळ्यात मोठं यश वाटतं. चिताऱ्याला पारधी परका वाटत नसावा. सह्याद्रीच्या या सातमाळा रांगेत, वाघूर नदीच्या काठी तेव्हाही पारधी असणार, पिकं असणार, पिकावर पाखरं असणार. लेण्यांना धान्य पुरवणारा जो कोणी कुणबी खालच्या शेतात होता, त्याच्याही बांधावर काहीतरी टांगलेलं असणार. पाखरू कसं घाबरतं आणि कसं फसतं हे चिताऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

काकांना मी हे सगळं सांगितलं, अर्थात इतक्या पाल्हाळाने नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या राजाच्या तळ्यावर पुढं पाखरं आली का?" जातकात त्याचं उत्तर नाही.

काका अजून लेण्यांत गेलेले नाहीत; चाळीस किलोमीटरवर राहून. सिल्लोडची माणसं पाहुणे आले की अजिंठा दाखवायला जातात, एरवी नाही. तुम्ही जाणार असाल तर सोमवार टाळा, अजिंठा सोमवारी बंद असतं. सतराव्या लेण्यात आत डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या, फोटोचा फ्लॅश मारू नका, आणि हंस सापडला की आधी त्याचे पंख बघा.